कंगणाचा लुकमा

आमच्या ह्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच रमजानमध्ये माझ्याकडून एक वचन घेतलं होतं, आणि तेही भांडून.

"मी चुकलो की कंगण वाजवायचं. दमलेत बिचारे, रोजा कडक आहे, असलं काही मनात आणून गप्प बसायचं नाही. कबूल?"

"मी झेडपीच्या शाळेतली मास्तरीण आहे," मी म्हटलं. "चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. नंतर तुम्हीच तोंड फुगवून बसू नका म्हणजे झालं."

हे म्हणजे हाफिज दस्तगीर नदाफ, आष्ट्याच्या आमच्या गल्लीतल्या मशिदीचे. हाफिज म्हणजे ज्याला अख्खं कुराण तोंडपाठ आहे तो. रमजानमध्ये रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीहची नमाज होते, तिच्यात हाफिज कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग, पुस्तक न बघता म्हणतो, पहिले बारा दिवस रोज सव्वा आणि मग रोज एक, आणि सत्ताविसाव्या दिवशी तिसावा पारा संपवतो. त्याच्या पाठीमागे पहिल्या रांगेत दुसरा एक हाफिज नुसता ऐकायला उभा असतो. पुढचा अडला की मागचा त्याला शब्द देतो. ह्याला लुकमा म्हणतात, म्हणजे घास. घास द्यावा तसा शब्द द्यायचा. आणि तो द्यायचा त्याच नमाजमध्ये उभ्या असलेल्यानं. बाहेरून कुणी सांगितलेलं चालत नाही, असं आमचे हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचे.

घरात लुकमा द्यायचं काम माझं. दुपारी जुहरच्या नमाजनंतर हे त्या रात्रीचा वाटा माझ्यासमोर म्हणायचे. मी रेहलवर, कुराण ठेवायच्या लाकडी घडवंचीवर, कुराण उघडून ओळीवर बोट ठेवायची. चुकले की आईनं दिलेलं चांदीचं कंगण रेहलच्या लाकडावर दोनदा वाजवायचं, टक् टक्. म्हणजे मागे या. हे मागे जायचे, रस्ता सापडला की मान हलवायचे आणि पुढं निघायचे. चाळीस वर्षं हेच चाललं. घरात आम्ही दखनी आणि मराठीची खिचडी बोलायचो, पण इथं सगळं मराठीतच लिहिते. शाळेतल्या बाईचा हात आहे, दुसरं वळण जमत नाही.

म्हणणं झालं की पाळी बदलायची. ह्यांना अरबी पाठ होती, अर्थ येत नव्हता. बहुतेक हाफिजांचं तसंच असतं. मी मराठी तर्जुमा वाचायची आणि हे ऐकायचे, मग वाद. "एवढ्याशा शब्दाला मराठीत तीन शब्द का लागले, बाई?" शाळेतली पोरं म्हणायची म्हणून हेही मला बाईच म्हणायचे, चिडवायला.

ह्यांची हटकून चुकायची एक जागा होती. मूसा अलैहिस्सलामांची काठी साप होऊन जादूगारांची सगळी जादू गिळते आणि जादूगार सजद्यात माथा टेकतात, हा किस्सा कुराणात बऱ्याच ठिकाणी येतो, शब्द थोड्याफार फरकानं तेच. हे सूरह अअराफमधून, म्हणजे त्या नावाच्या अध्यायातून, निघायचे आणि जादूगार सजद्यात पडले रे पडले की नकळत सूरह शुअरामध्ये पोचायचे. सांगलीच्या एसटीत बसून कराडला उतरावं तसं. दर वर्षी तिथं टक् टक् ठरलेलं.

आणि दर वर्षी तिथंच थांबून हे म्हणायचे, "बाई, इतकी माणसं बघत होती, पण आधी जादूगारच का पडले सजद्यात? कारण ते कारागीर. हातचलाखी कुठं संपते आणि खरं कुठं सुरू होतं, हे हातचलाखी करणाऱ्यालाच पहिल्यांदा कळतं."

मला ते पटायचं. तरी मी वाद घालायची.

ह्यांच्या सत्तराव्या वर्षी मेंदूचा आजार सुरू झाला. आधी चाव्या गेल्या, मग नावं, मग बाजाराचा रस्ता. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलं, मेंदू कडेनं सुकत चालला होता. त्या रमजानमध्ये नवव्या पाऱ्याला हे तरावीहमध्ये अअराफमधून शुअरामध्ये गेले, तिथून परत अअराफमध्ये आले, पुन्हा शुअरात गेले. मागं शिकलगारांचे हाफिज जुबेर उभे होते, ह्यांचेच शागीर्द, पन्नाशीचा शहाणा माणूस. त्यांनी चौदा वेळा लुकमा दिला. घरी येऊन ह्यांनी टोपी घडी करून कपाटात ठेवली.

"झालं," म्हणाले. "आता उभं राहायचं नाही. बाई, कुराण विसरलेल्या हाफिजाला उद्या अल्लाहसमोर काय तोंड असतं गं?"

मी रडले फक्त.

आमची निलोफर पुण्यात. नसांमधून वाचा वाचणारी यंत्रं करायची तिची प्रयोगशाळा. बापाची एकुलती एक, बापावर जीव. पुढच्या रमजानच्या महिनाभर आधी ती घरी आली आणि तिनं डबीतून एक कातडीच्या रंगाची पट्टी काढली, बोटभर लांब. कानामागून गळ्यापर्यंत चिकटवायची.

"अम्मी, नीट ऐक. माणूस शब्द बोलतो त्याच्या आधी मेंदूकडून जिभेला आणि गळ्याला नसांमधून हुकूम जातो. आवाज नंतर होतो, हुकूम आधी पोचतो. ही पट्टी तो हुकूम वाचते. अब्बांचा आजार असा आहे की हुकूम निघतो आणि अर्ध्या वाटेत विरतो. तेव्हा पट्टी पुढचा शब्द ओळखते आणि त्याच नसांना हलकासा झटका देते. जीभ त्यांचीच हलते, श्वास त्यांचाच आणि आवाजही त्यांचाच."

"आणि तिला पुढचा शब्द काय ते कोण सांगतं?"

"अब्बांच्या पठणाच्या तीनशे तासांच्या टेपा आहेत माझ्याकडे. लहानपणापासून जमवलेल्या. कुराणाचा तर शब्द न् शब्द ठरलेला, तिथं ती चुकूच शकत नाही. साध्या बोलण्यात ती अंदाज करते, अब्बा इथं काय म्हणाले असते याचा."

"आणि ह्यांना ते कळतं? आपण म्हणतोय की पट्टी म्हणतेय?"

"नाही. त्यांना वाटतं आपल्यालाच आठवलं. हेच तर चांगलं आहे ना, अम्मी. आंधळ्याच्या काठीसारखं समज." मग तिनं कॉलरखाली गळ्याजवळचा मोहरीएवढा दिवा दाखवला. "हिरवा असेल तर अब्बांचं स्वतःचं. नारिंगी झाला तर पट्टीची मदत. हे आमच्या नोंदीसाठी आहे. तू बघत बसू नको."

ह्यांना तिनं गळ्याच्या नसांचं औषध म्हणून सांगितलं. मीही होला हो केलं. माझी पहिली चूक तिथं झाली.

पट्टी लावली आणि आठ दिवसांत आमचे हे परत आले. "बाई, चहात साखर घालायला विसरलात की काटकसर चाललीय?" ऐकून मी ओट्याशी उभी राहून हुंदके दिले. त्यांनी टोपी बाहेर काढली. जुबेरजींना बोलावून पाच पारे न अडखळता ऐकवले. जुबेरजींचे डोळे भरून आले. "उस्ताद, ही तर करामत आहे," म्हणाले. गल्लीत पेढे वाटले. त्या वर्षी रमजान भाद्रपदात आला होता, चौकातल्या गणपती मंडळाची पोरं सुद्धा विचारून गेली, हाफिजचाचा बरे झाले का म्हणून.

रमजान लागला, हे पुन्हा तरावीहला उभे राहिले, आणि पहिले सहा दिवस माझं कंगण वाजलंच नाही. सातव्या दुपारी अअराफ आला. मी हात उचलूनच बसले होते. जादूगार सजद्यात पडले, आणि हे कुठंही न जाता सरळ पुढं निघून गेले. थांबले नाहीत. कारागिरांबद्दल बोलले नाहीत. माझ्याकडे अर्थ मागितला नाही. डोळे समोरच्या भिंतीवर होते आणि तोंड चालू होतं.

मी वाकून कॉलरखाली पाहिलं. दिवा नारिंगी होता. बोट ओळीवर ठेवून मी पारा संपेपर्यंत त्या दिव्याकडे बघत राहिले. एकदाही हिरवा झाला नाही. एकही शब्द ह्यांचा नव्हता.

संध्याकाळी मी निलोफरला फोन लावला. "अगं, ह्यात तुझे अब्बा कुठंच नाहीत."

"मला माहीत आहे, अम्मी. मी नोंदी बघते रोज." तिचा आवाज बारीक झाला. "पण त्यांना वाटतंय ना की ते म्हणतायत? किती खूश आहेत ते. तू ते मोडणार आहेस?"

"मशिदीत दोनशे माणसं त्यांच्यामागं उभी राहतात, निलू. तुझ्या पट्टीनं हातपाय धुऊन वुजू केलं होतं का? ती नमाजमध्ये उभी आहे का?"

"मग सांग त्यांना. तुझ्याच्यानं होत असेल तर सांग."

नाही झालं माझ्याच्यानं. नऊ दिवस मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मशिदीची काळजी थोडी होती आणि स्वार्थ जास्त होता. सकाळी कुणीतरी मला बाई म्हणून हाक मारत होतं. पण त्याही हाकेला मी दिवा बघायला लागले, आणि बहुतेक वेळा तो नारिंगीच असायचा. एकदा हे म्हणाले, "बाई, ही निळी साडी तुला शोभते." बोलताना डोळे मात्र माझ्या चेहऱ्यावर फिरत होते, ही बाई कोण म्हणून. अंगावरची साडी हिरवी होती.

सोळाव्या दुपारी सूरह शुअरा आला. पुन्हा मूसा, पुन्हा जादूगार. हे म्हणत होते, शब्द बरोबर, सूर बरोबर, कुठं श्वास घ्यायचा तेही बरोबर. जादूगार सजद्यात पडले आणि माझा हात आपोआप उचलला गेला.

टक् टक्.

हे थांबले. मागे गेले, तीच आयत, तेच वाक्य, पुन्हा म्हणाले, बिनचूक. मी पुन्हा वाजवलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"कुठं चुकलो?"

"शब्द चुकले नाहीत. त्यात तुम्ही नाही आहात."

"म्हणजे?"

मी जवळ सरकले आणि पट्टी हळूच सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली. "हे औषध नाही. पुढचा शब्द हे देतं. सोळा दिवस सगळे शब्द ह्यानंच दिले. मला नऊ दिवसांपासून माहीत आहे. मी वचन मोडलं. मला माफ करा."

मला वाटलं, कळणार नाही. कळू नये असंही वाटलं. पण काही दुपारी त्यांचं डोकं अजून लख्ख असायचं, ती दुपार तशीच निघाली, माझं नशीब. त्यांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. मग डोळे मिटून शुअरा म्हणायला सुरुवात केली. चार आयती आल्या. पाचवीला ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चौथीला अडले. म्हातारा माणूस लेकरासारखा रडायला लागला.

"सोळा रात्री," एवढंच म्हणत होते. "सोळा रात्री, या अल्लाह."

त्या संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी मी ह्यांना हाताला धरून मशिदीत नेलं आणि जुबेरजींना अंगणात बोलावून सगळं सांगितलं. पट्टी त्यांच्यासमोर धरली.

"उस्तादांना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. झालेल्या नमाजा अल्लाहच्या हवाली," जुबेरजी म्हणाले. "आज मी उभा राहतो. उस्ताद, तुम्ही माझ्या मागे उभे राहाल? लुकमा द्यायला?"

द्यायला ह्यांच्याकडे काय होतं? पण हे उभे राहिले. गल्लीतली काही माणसं बोलली, हाफिजाच्या बायकोनं नवऱ्याची अब्रू घालवली म्हणून. बोलू देत. मी तोंडाला तोंड दिलं नाही, हेच माझ्या मानानं खूप झालं.

निलोफर दुसऱ्या दिवशी आली. आल्या आल्या पट्टी शोधायला लागली. "अम्मी, साध्या बोलण्यासाठी तरी लाव. मला एकदा 'निलू बाळा' ऐकायचंय."

"तुझ्याकडे तीनशे तास आहेत ना? त्यात ऐक."

हे मी फार कडू बोलले. ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही. लेकीला बापाची हाक हवी होती, त्यात तिचा काय गुन्हा होता? आजही आठवलं की माझं मलाच लागतं.

दुपारचं बसणं मात्र आम्ही मोडलं नाही. हे म्हणायला लागायचे आणि अडायचे. मी कंगण वाजवायची. मागे जायचे, तरी रस्ता सापडायचा नाही, आणि माझ्या हाताकडे बघत बसायचे. एक दिवस माझ्या तोंडून पुढचा शब्द गेला. मी कधी पाठ केलं नव्हतं, हिफ्ज आमच्या पिढीत बायकांना कोण शिकवत होतं? पण चाळीस रमजान बोट ओळीवर फिरलं होतं. शब्द दिला आणि ह्यांनी तो घेतला. पुढची दीड आयत एकट्यानं म्हणाले. पुन्हा अडले, पुन्हा मी शब्द दिला. पट्टी जे पान दोन मिनिटांत म्हणायची त्याला आम्हाला असरच्या नमाजची वेळ झाली.

पान संपलं तेव्हा हे हसले. "कुठं होतीस गं इतके दिवस?"

मला ओळखून म्हणाले की आणखी कुणाला समजून, ते मी विचारलं नाही. जवळ दिवा नव्हता, ते एक बरं होतं.

पुढच्या दीड वर्षात घास वाढत गेले आणि ह्यांचे शब्द कमी होत गेले. शेवटी मीच म्हणायला लागले आणि हे खाटेवर पडून ऐकायला लागले. बोलणं पूर्ण गेलं. निलोफरला समोर बघून हे भिंतीकडे तोंड करायचे. तरीही ती दर शनिवारी यायची. लहानपणी शिकलेलं अरबी अक्षर घासूनपुसून काढून ती रेहलवर कुराण उघडून बसायची, बोट ओळीवर ठेवून.

एका दुपारी मी अअराफ म्हणत होते. जादूगार सजद्यात पडले आणि मी, बघा माझी अक्कल, थेट शुअरामध्ये गेले. ह्यांचीच चूक, ह्यांच्याकडूनच कानात बसलेली. खाटेच्या लोखंडी दांड्यावर आवाज आला. बारीक होता, नखाचा. टक् टक्.

मी वळून पाहिलं. डोळे मिटलेले होते, बोट दांड्यावर होतं. मी मागे गेले, बरोबर वाट धरली, आणि ह्यांची मान हलकेच हलली.

नाव नाही, गाव नाही, बायको नाही, लेक नाही. पण चूक कळत होती. निलोफर हमसून हमसून रडली. म्हणाली, "अम्मी, जादूगारांना आधी कळायला हवं होतं ना? मी तर जादूगारच होते, आणि मलाच सगळ्यांत उशिरा कळलं." मी तिला जवळ घेतलं. त्या दिवशी मी माझं कंगण काढून ह्यांच्या मुठीत दिलं, आवाज मोठा यावा म्हणून.

आता जे सांगते ते अल्लाह माफ करो. त्यानंतर मी त्या जागेला जाणूनबुजून चुकायला लागले. कुराण म्हणताना मुद्दाम चुकायचं, केवढा गुन्हा तो, मला का कळत नाही? पण तेवढ्या दोन आवाजांपुरते हे घरात असायचे. दर आठवड्याला मी अअराफ काढायची, चुकायची, आणि कंगण वाजायचं. मी मागे जायची. मान हलायची.

माघ महिन्यातल्या एका शनिवारी मी तशीच चुकले आणि थांबले. कंगण मुठीत होतं. श्वास चालू होता. मी तीच चूक पुन्हा केली. पुन्हा थांबले. खोलीत कसलाही आवाज झाला नाही.

निलोफरचं बोट ओळीवर होतं. तिला माझी चूक दिसली होती आणि माझा चेहराही दिसत होता. ती उठली, खाटेशी वाकली आणि तिनं बापाचा कंगणाचा हात आपल्या हातात धरून दांड्याकडे नेला.

"नको," मी म्हटलं. "त्यांच्या हातानं वाजवू नको, बाळा. वाजवायचंच असलं तर तुझ्या हातानं वाजव."

ती तशीच वाकून राहिली. मग तिनं ह्यांची बोटं एकेक करून सोडवली, हात अंथरुणावर नीट ठेवला, त्याचा मुका घेतला. कंगण स्वतःच्या मनगटात घातलं. रेहलपाशी येऊन बसली, डोळे पुसले आणि लाकडावर दोनदा वाजवलं.

मी मागे गेले आणि ती आयत बरोबर म्हटली.